पडदा ताणू नये

डिपस्टिक ओढून हब्तेआबने आधी स्वतःच्या नाकाशी धरली,
मग माझ्या.
"तेलात पेट्रोल उतरतंय.
तुझ्या वडिलांना हा वास येत असणार.
बोलले नाहीत मला."
मलाही ते फार काही बोलले नव्हते.

अस्मारात सकाळी दहाचं ऊन
तापत नाही, नुसतं टोचतं.
फियाट अकराशे, सायीच्या रंगाची,
चार वर्षं ताडपत्रीखाली,
वायपरखाली बोगनवेलीचा चुरा.

बोलोन्याहून पाकीट आणलं होतं मी,
लोकरी मोज्यात गुंडाळून:
रबरी पडदा, दोन झडपा, सील, कागदी गास्केट.
विमानतळावरच्या पोराने विचारलं, हे काय?
तेव्हा टिग्रिन्यात शब्दच आठवेना,
घशाशी आला तो इटालियन.
लाजच वाटली.
आज ऐकते तर हब्तेआबही म्हणतो
गुआर्नित्सिओने,
त्याचा बापही तेच म्हणायचा,
याला आमच्याकडे दुसरं नावच नाही.

दोन नट, आणि पंप हातात.
उघडायच्या आधी त्याने खिळ्याने
वरच्या-खालच्या अर्ध्यांवरून एक तिरकी रेघ ओढली.
"वेगळं करण्याआधी खूण करावी.
नंतर सगळी भोकं सारखीच दिसतात."

सहा स्क्रू. त्यातला एक हट्टी.
त्याला डिझेल पाजून आम्ही चहा प्यायलो.
जुना पडदा त्याने उन्हासमोर धरला:
केसाएवढी चीर,
पलीकडे शेजारणीच्या दोरीवरची चादर दिसली
एका रेघेपुरती.

माझं कागदी गास्केट त्याने चिमटीत घेतलं,
आणि नाक मुरडलं.
"पातळ आहे.
पंप इंजिनाला फार चिकटला
तर दांडा जास्त धावतो, पडदा फाटतो.
फार लांब बसला तर पेट्रोल चढत नाही.
जाड पुठ्ठा बघ घरात."

घरात पुठ्ठा म्हणजे
स्वयंपाकघरातलं दिनदर्शिकेचं मागचं पान.
त्यावर बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर:
दहा लिटर. आठ लिटर. कूपन संपलं.
चाकात हवा. पाच लिटर.
आणि एका ओळीत नुसतं माझं नाव,
पुढे आकडा नाही.

मी ते पान देताना क्षणभर धरूनच ठेवलं.
त्याने ओढलं नाही. वाट पाहिली.

मग पंपाच्या तोंडावर पुठ्ठा ठेवून
गोल डोक्याच्या हातोडीने
कडेकडेने टकटक, टकटक,
कात्री नाही, मोजपट्टी नाही,
धातूची कडच स्वतःचा आकार कापून घेते.
भोकांच्या टिकल्या जमिनीवर पडल्या.
एकीवर 'लि' होता.

"आता तू," तो म्हणाला.
दातांच्या दवाखान्यात माझे हात
दिवसभर हातमोज्यात असतात.
इथे काळे, उघडे.
"दांडा पूर्ण दाब. दाबूनच धर.
सैल सोडलास आणि मी स्क्रू आवळले
तर पडदा ताणलेलाच बसेल.
पहिल्या चढावालाच फाटेल.
ताणून काही बसवू नये."

मी दाबून धरलं.
तो समोरासमोरचे स्क्रू आवळत गेला,
एक इकडचा, एक तिकडचा,
प्रत्येक अर्धा फेरा,
पुन्हा पहिल्यापासून.
अंगठ्याला कळ लागली, मग अंगठा बधिर झाला.
स्प्रिंगचा जोर मात्र
तळहातातून कोपरापर्यंत येत राहिला,
कुणीतरी आतून दार ढकलावं तसा.

तेल बदललं. जुनं काढलं ते पाण्यासारखं पातळ.
हाताने पंप हलवत काचेच्या वाटीत
पेट्रोल चढताना पाहिलं.
चौथ्या सेल्फला गाडी खोकली,
सातव्याला लागली.
शेजारणीने चादर उचलून आत नेली.

हब्तेआबने सांध्यावरून बोट फिरवलं,
बोट हुंगलं.
"कोरडं."
पैसे घेताना म्हणाला,
"शनिवारी पुन्हा तेलाचा वास घे."

शनिवारी माझं विमान आहे.
मी म्हटलं, घेते.